घरगुती केकसाठी बॉक्स, बेस, पिशव्या स्वस्तात कशा घ्यायच्या

बाजारात जायच्या आधी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या ऑर्डरी काढा, वहीत असतील किंवा व्हॉट्सॲपवर असतील, आणि अर्धा किलो किती गेले, एक किलो किती, बेंटो (डब्यात द्यायचा छोटा केक) किती, कपकेक किती ते सरळ लिहून काढा. घरून केक करणाऱ्या बहुतेकींचं अर्धा किलो सगळ्यात जास्त, मग एक किलो आणि बाकी सगळं किरकोळ असंच निघतं. आणि आपण दुकानात जाऊन घेतो काय, तर सहा साइजचे दहा-दहा सुटे बॉक्स, त्यातले निम्मे माळ्यावर पडून राहतात. पॅकेजिंगमधे पैसे वाचतात ते घासाघीस करून नाही तर साइज कमी ठेवून. दोन साइज पक्क्या करायच्या, त्या बंडलने घ्यायच्या, बाकी लागेल तसं सुटं.

अर्धा किलोचा गोल केक साधारण ६ इंची टिनमधे होतो, क्रीम लागल्यावर अजून थोडा वाढतो, त्याला ८ इंची बेस (केकखालचा जाड पुठ्ठा) आणि ८ बाय ८ बाय ५ चा बॉक्स बरोबर बसतो. एक किलोला ७ किंवा ८ इंची टिन, १० चा बेस आणि १० बाय १० बाय ५. बेस आणि बॉक्स एकाच मापाचे हवेत, कारण ८ चा बेस १० च्या बॉक्समधे टाकला की स्पीडब्रेकरला केक आत फिरतो आणि एका बाजूचं क्रीम बॉक्सच्या भिंतीला लागतं. तरी भीती वाटत असेल तर बेसच्या खाली डबल टेपचे दोन तुकडे, खर्च काहीच नाही. ५ इंच उंचीच्या बॉक्समधे केक वरच्या डेकोरेशनसकट साडेचारच्या आत ठेवायचा. टॉल केकसाठी उंच बॉक्स मिळतात पण ते महाग असतात आणि जागा खातात, म्हणून दोन-चारच ठेवा आणि टॉल केकच्या दरात त्याचे पैसे वेगळे धरा.

आता बॉक्स निवडायचा कसा. दुकानदार जीएसएम सांगतो, म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम. अर्ध्या किलोला ३०० चालतो, एक किलोला ३५० घ्या. त्याने सांगितलं म्हणून विश्वास ठेवू नका, एक बॉक्स तिथेच उभा करून मागा, झाकण लावा आणि मधोमध बोटाने दाबा, लगेच खोल दबला तर फ्रिजमधे एका रात्रीत मान टाकणार. दुसरं म्हणजे आतली बाजू बघा. आतून करडा असेल तर तो सहसा रद्दीच्या लगद्यापासून केलेला बोर्ड असतो, स्वस्त असतो, पण खाण्याच्या वस्तूला थेट लागू देऊ नका. केक बेसवर असतो म्हणून एक वेळ चालून जातं, ब्राउनी किंवा कुकीज ठेवायच्या असतील तर खाली बटर पेपर हवाच हवा, नाहीतर दोन्ही बाजूंनी पांढरा फूड ग्रेड बोर्डच घ्या. वर्तमानपत्र तर अजिबात नाही, एफएसएसएआयच्या (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत खाणं वर्तमानपत्रात गुंडाळायला मनाई आहे.

खिडकीवाला बॉक्स छान दिसतो, मान्य, पण त्याचे दोन-चार रुपये जास्त जातात आणि थंड केक बाहेर आला की त्या पारदर्शक फिल्मवर आतून वाफ धरते. फोटो तर आपण आधीच पाठवलेला असतो! मी साध्या पांढऱ्याच्याच बाजूची आहे.

घ्यायचं कुठून. पुण्यात असाल तर रविवार पेठ आणि बोहरी आळी, दुसरा विचारच नको, बॉक्स, बेस, रिबिन, पिशव्या सगळं चालत फिरता येईल इतकं जवळ मिळतं. गाडी नेऊ नका, पार्किंग शोधण्यात अर्धा दिवस जातो, मेट्रोने मंडई स्टेशनला उतरा, २०२४ पासून ते एक बरं झालंय. फक्त हे लक्षात असू द्या की अर्ध्या किलोच्या शंभर बॉक्सचं वजन दहा किलोच्या आसपास जातं, सोबत कोणीतरी न्या किंवा येताना रिक्षा करा आणि ते भाडं बॉक्सच्या किमतीत धरा. मुंबईकरांना क्रॉफर्ड मार्केट आणि त्याला लागून असलेली अब्दुल रहमान स्ट्रीट. पहिल्याच दुकानात घेऊ नका, तीन ठिकाणी एकाच मापाचा, एकाच जीएसएमचा भाव विचारा, आणि विचारताना "पंचवीसचा काय, शंभरचा काय, जीएसटी धरून की वेगळा" हे एका दमात विचारा.

आणि जे पुण्यामुंबईत नाहीत त्यांनी हे करा. तुमच्या गावातल्या चांगल्या मिठाईवाल्याचा रिकामा बॉक्स घ्या आणि उलटा करून बघा, तळाला किंवा आतल्या पट्टीवर बारीक अक्षरात बॉक्स बनवणाऱ्याचं नाव आणि फोन नंबर बरेचदा छापलेला असतो. तो माणूस जवळच्याच शहरातला असतो, त्याच्याकडे केकचे बॉक्सही असतात किंवा तो सांगतो कुठे मिळतील, आणि मिठाईवाल्याकडे त्याची गाडी येतेच, त्याच गाडीत तुमचं बंडल येऊ शकतं. कुरिअरचे पैसे वाचले.

ऑनलाइनचं म्हणाल तर ॲमेझॉन, मीशोवर थोडे नग मागवायला ठीक, पण एका नगाला किती पडले ते डिलिव्हरीसकट भागून बघा, आणि कोपरे दबलेले आले तर लगेच परत करा. इंडियामार्टवर भाव खरंच कमी दिसतात पण तिथे बरेच जण पाचशे-हजाराच्या खाली बोलतच नाहीत, आणि एकदा नंबर टाकला की पुढचा आठवडाभर "मॅडम, रिक्वायरमेंट होती ना" चालू राहतं. तेवढे नग एकटीला नको असतील तर आसपासच्या तीन-चार बेकर मिळून घ्या. फक्त माप आणि जीएसएम आधी ठरवा, पैसे आधी गोळा करा, नंतर मागायला अवघड जातं.

हिशोब असा मांडायचा, आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे टाका. बॉक्स १४, बेस ८, स्टिकर २, सुरी ३, मेणबत्ती ६, पिशवी १०, झाले ४३ रुपये. केक ५०० चा असेल तर साडेआठ टक्क्यांच्या वर नुसतं पॅकिंगला गेलं. आता बघा, यात बॉक्सवर रडून फार तर दोन रुपये सुटतील, पण पिशवी, सुरी आणि मेणबत्ती मिळून १९ रुपये आहेत आणि त्या सगळ्यांनाच लागतात असं नाही. ऑर्डर घेतानाच विचारा, "मेणबत्ती, सुरी हवी का?" बरेच जण नको म्हणतात. पिशवी घरून आणायला सांगा, रुंद तळाची आणा म्हणावं, नाहीतर वेगळे पैसे लावा, आता लोकांना त्याची सवय झालीये.

सुरी लाकडीच घ्या. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकच्या सुऱ्या, चमचे, काटे बंद आहेत, मिठाईच्या बॉक्सवर गुंडाळायची प्लास्टिक फिल्मसुद्धा त्याच यादीत आहे. महाराष्ट्रात तर प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१८ पासूनच बंदी आहे. दुकानात अजून मिळतात, स्वस्त पण असतात, तरी घेऊ नका. बेंटोसाठी उसाच्या चिपाडापासून केलेले बगॅसचे बर्गरवाले डबे मिळतात, ४ इंची केक त्यात नीट बसतो, वेगळा बेस पण लागत नाही, खाली बटर पेपर टाकला की झालं.

छापील बॉक्सच्या मागे सुरुवातीला लागू नका. त्यांची ऑर्डर मोठी द्यावी लागते आणि उद्या फोन नंबर किंवा लोगो बदलला की सगळा गठ्ठा वाया. साधा पांढरा बॉक्स आणि वर स्टिकर पुरे. डिजिटल प्रिंटिंगवाल्याकडे १२ बाय १८ इंचाचा स्टिकर शीट मिळतो, त्यात २ इंची गोल चाळीस बसतात, हाफ कट (फक्त स्टिकर कापलेला, मागचा कागद अख्खा) करून मागा म्हणजे कात्री चालवत बसावं लागत नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास असे बरेच जण आहेत. ख्रिसमस, राखी, व्हॅलेंटाइनला पण तेच, बॉक्स साधाच आणि स्टिकर त्या सणाचा, कारण मेरी ख्रिसमस छापलेले उरलेले बॉक्स जानेवारीत कोणाला देणार? डिसेंबरचा माल नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत घेऊन ठेवा, नंतर ८ आणि १० च हमखास संपलेले असतात.

जारकेक, ड्राय केक, ब्राउनी आधीच पॅक करून विकत असाल तर लेबल लागतं. पदार्थाचं नाव, घटक, वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खायचं ते, तुमचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर, गहू-दूध-सुकामेवा वगैरे ॲलर्जीची सूचना. एगलेसला हिरवा ठिपका, अंडं असेल तर तपकिरी त्रिकोण. हे सगळं एकाच स्टिकरवर बसवा आणि तारखेची जागा रिकामी ठेवून पेनाने भरा, म्हणजे दर वेळी नवीन छपाई नको.

पावसाळ्यात बंडल जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल धरली की बोर्ड मऊ पडतो आणि घड्या नीट बसत नाहीत. मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पलंगाखाली किंवा कपाटावर आडवे ठेवा, उभे ठेवले तर वाकतात. जून ते सप्टेंबर मी पन्नासच्या वर बॉक्स घेतच नाही, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. नवीन दुकानदाराकडून तर आधी दोनच सुटे घ्या, एकात केक भरून रात्रभर फ्रिजमधे ठेवा, सकाळी झाकण सरळ असेल तरच बंडल सांगा.