ताम्हिणीत मॅप बंद पडायचा, असा सुटला प्रश्न

पुण्याहून मुळशी, ताम्हिणी, निजामपूरमार्गे दिवेआगरला आमच्या वर्षातून दोन-तीन फेऱ्या होतातच, आणि दर वेळी घाटात रेंज गेली की अ‍ॅप नुसतं गोल गोल फिरत बसायचं. एकदा पावसात, धुक्यात वळण चुकलं, मागे आई बसलेली, गाडी वळवायला जागा नाही, तेव्हा खरंच घाबरलो.

मग कळलं की जीपीएसला नेट लागतच नाही, सिग्नल थेट सॅटेलाइटवरून येतो, नेट लागतं ते नकाशासाठी. म्हणून आता गूगल मॅप्समध्ये प्रोफाइल फोटोवर टॅप करून ‘ऑफलाइन नकाशे’ उघडतो आणि पुणे ते किनारा एवढा चौकोन घरच्या वायफायवर उतरवून घेतो. तो अधूनमधून अपडेट करावा लागतो हं, नाहीतर एक्सपायर होतो. ऑफलाइनमध्ये ट्रॅफिक दिसत नाही, पण घाटात ट्रॅफिकपेक्षा वळण दिसणं महत्त्वाचं.

जोडीला ऑरगॅनिक मॅप्स हे दुसरं नकाशाचं अ‍ॅप ठेवलंय, फुकट आहे, जाहिराती नाहीत, अख्खा महाराष्ट्र फोनमध्येच. शहरात मात्र गूगलच बरं. आणि फोन होल्डरला लावून रस्ता निघायच्या आधीच सेट करा, चालत्या गाडीत टाइप अजिबात नको.