हरणाच्या नाकाला चकवायला निघालात? आधी या चुका टाळा

बुद्ध पौर्णिमा जवळ आली की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. मचाणावर किंवा पाणवठ्याजवळच्या लपणात रात्र काढायला मिळणार असते, हौस दांडगी असते, आणि पहिला प्रश्न ठरलेला: "काका, अंगाचा वास जायला कुठला स्प्रे घेऊ?" पाणवठा नाल्यात आहे की सपाटीवर, संध्याकाळी तिथे वारा कुठून कुठे जातो, हे कोणीही विचारत नाही.

ही स्प्रेची खुळं येतात अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या व्हिडिओंमधून. तिकडे परवाना काढून पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार करतात. त्यासाठी बिनवासाचे साबण, फवारे, कोळशाचा थर असलेले कपडे, ओझोन सोडणारी यंत्रं असा मोठा बाजार उभा आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार हा गुन्हा आहे, तेव्हा हे सगळं कॅमेरा आणि दुर्बीण घेऊन बसणाऱ्यांसाठी लिहितोय. सांबराला त्याने काही फरक पडत नाही. त्याच्या नाकाला माणूस कळतो. माणसाच्या हातात काय आहे याची चौकशी करायला ते थांबत नाही.

तर आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. जिवंत माणसाचा वास संपवता येत नाही. कातडीवरचे जिवाणू घामाचा वास करायचं काम चालूच ठेवतात, श्वास चालू असतो, केस असतात. दुपारी घासून आंघोळ करून आलेला माणूससुद्धा मे महिन्यात पाच मिनिटं चढ चढला की पूर्ववत होतो. वास थोडा कमी करता येतो आणि तो कुठल्या बाजूला जाईल हे ठरवता येतं. यातली दुसरी गोष्ट फुकट आहे, म्हणून तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं.

बोरिवलीच्या चितळांवरून अंदाज बांधणे

"काका, आम्ही राष्ट्रीय उद्यानात गेलो होतो, चितळं दहा पावलांवर चरत होती, त्यांना कुठे वास येतो?" येतो. रोज शेकडो माणसांचा येतो, म्हणूनच ती सरावलीत. रविवारच्या गर्दीत वाढलेल्या चितळावरून आतल्या जंगलातल्या सांबराचा किंवा भेकराचा अंदाज बांधू नका. भेकर तर दिसायच्या आधीच भुंकून मोकळं होतं आणि मग बराच वेळ भुंकत राहतं. तोवर अख्ख्या नाल्याला तुम्ही आलात हे कळलेलं असतं.

मोबाइलवरच्या वाऱ्यावर विसंबणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक, तेव्हा जरा सविस्तर.

खारे वारे आणि मतलई वारे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेत. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे. मार्कांपुरतं वाचलं आणि सोडून दिलं. मुंबईत जंगल बघायचं तर तो धडा परत काढा. हिवाळ्यात सकाळी वारा बहुधा पूर्वेकडून असतो. तुम्ही बोरिवलीच्या बाजूने आत शिरून पूर्वेकडे चालत असाल तर तो तोंडावर येतो, म्हणजे तुमचा वास मागे शहराकडे जातो. छान. दुपारकडे समुद्रावरचा वारा सुरू झाला की तीच वाट उलटी होते. वारा पाठीवर, आणि तुमची वर्दी तुमच्या आधी पुढे. पूर्वेकडून, म्हणजे ठाण्याच्या बाजूच्या येऊरकडून शिरणाऱ्यांचं गणित नेमकं याच्या उलट: सकाळी वारा पाठीवर, दुपारनंतर तोंडावर. दोन्हीकडच्या वेळा आणि परवानग्या आधी विचारून घ्या, त्यात जे बसेल ते करा. पण "कुठल्या गेटने जायचं" हा प्रश्न फक्त पार्किंगचा नाही.

हा झाला मोठा वारा. मोबाइल दाखवतो तो हाच. जंगलात तुम्ही बसता ते मात्र नाल्यात, दरीत, टेकडीच्या पोटात. तिथला कारभार वेगळा. दिवसा उतार तापतो, हवा वर चढते. सूर्य कलला की उतार थंड होतो, जड झालेली हवा पाण्यासारखी नाल्यातून खाली सरकते. आणि हरणं पाण्यावर यायची वेळ हीच.

ठाणे जिल्ह्यातल्या एका पाणवठ्यावरची ही हकिगत. नाला पूर्वेकडच्या डोंगरातून पश्चिमेला उतरतो. मध्ये एक छोटा बंधारा आणि त्यामागे मे महिन्यात उरेल तेवढं पाणी. आमच्याबरोबर गोरेगावचा एक तरुण होता. दोन लाखांची लेन्स, मापून कापलेले कपडे, खिशात बिनवासाचा म्हणून मागवलेला फवारा. दुपारी वारा वायव्येचा होता, नाल्यातून वर चढत होता. त्याने पाण्याच्या वरच्या अंगाला लपणात जागा धरली. दुपारपुरती ती जागा बरोबरच होती, तेवढं श्रेय त्याला दिलंच पाहिजे. बरोबरच्या वनरक्षकाने मात्र ऊन उतरायला लागल्यावर त्याला सांगितलं, "दादा, दिस बुडाला की वारं खाली उतरतं. उजेड आहे तोवर बंधाऱ्याखाली या." त्याने मोबाइल दाखवला. रात्री नऊपर्यंत वायव्य. शिवाय वरून उजेड चांगला मिळत होता. वनरक्षकाने एकदा मोबाइलकडे बघितलं, एकदा आकाशाकडे, आणि "बरं" म्हणून तो माझ्याबरोबर खाली येऊन बसला.

अंधुक व्हायच्या बेताला उत्तरेच्या उतारावरच्या करवंदीच्या जाळीतून सांबराची मादी निघाली. मागे पाडस. आमच्यापासून ती इतकी जवळ होती की दुर्बिणीतून तिच्या ओल्या नाकाची चकाकी दिसत होती. कडेच्या चिखलात तिने एक पाय टाकला, तो चुर्रकन रुतला, तिने काढून घेतला. मान खाली घातली. पाण्याला तोंड लागणार तेवढ्यात मान वर, नाकपुड्या फाकलेल्या, दोन्ही कान वरच्या लपणाकडे. त्या लपणातून पानसुद्धा हललं नव्हतं. पोरगा दगडासारखा बसला होता, हे कबूल. पण हवा उतरली होती. मादीने पुढचा पाय जमिनीवर आपटला, शेपटी वर केली आणि असा ढाँक, म्हणजे सांबराची धोक्याची हाक, दिला की माझ्या शेजारी बसलेल्या, जन्म जंगलात काढलेल्या माणसानेही डोळे मिटले. पाडस आधी पळालं, मागून ती. वरच्या झाडीतून वानरांनी खाकरायला सुरुवात केली. पुनवेचा चांदणा लख्ख पडला होता, पण सकाळपर्यंत पाण्यावर एक रानडुक्कर सोडलं तर काही आलं नाही.

सकाळी पोरगा म्हणतो काय, "काका, फवारा डुप्लिकेट असणार."

मी स्वतः वारा बघतो तो रुईच्या म्हाताऱ्यांनी, म्हणजे बोंडातल्या हवेवर तरंगणाऱ्या केसाळ बियांनी. उन्हाळ्यात रुईची बोंडं उकलतात. रुळांच्या कडेला, पडीक प्लॉटवर कुठेही मिळतात. संरक्षित जंगलातून काही तोडू नका, बाहेरूनच आणा, आणि चीक डोळ्याला लागू देऊ नका. सुकलेल्या बोंडातल्या म्हाताऱ्या काडेपेटीत भरून ठेवायच्या. बसल्यावर चिमटीतून एक सोडायची आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायचं. हातभर सरळ जाईल, मग बुडेल, एखाद्या कातळाला वळसा घालून परत तुमच्याकडे येईल. तुमचा वास हुबेहूब हाच प्रवास करतोय. राखेची पिचकारीही चालते, पण राख दोन हातांवर विरते, म्हातारी लांबपर्यंत दिसते. ऊन उतरताना मी दर थोड्या वेळाने एक सोडतो. मचाण खात्याने बांधलेलं असतं, ते हलवता येत नाही, पण त्यावर कुठल्या कडेला बसायचं आणि कुठली वाट कॅमेऱ्यात धरायची, हे तरी ठरतं. अगरबत्ती लावून धूर बघणारेही भेटलेत. उन्हाळ्यात, वाळक्या पाचोळ्यात, विस्तव. अशांना मी पुन्हा बरोबर नेत नाही.

वास मारायला वास लावणे

डिओ मारला म्हणजे घामाचा वास गेला, हे तुमच्या नाकापुरतं खरं. हरणाच्या नाकाला घामाचाही वास येतो आणि डिओचाही. दोन्ही वेगवेगळे. "लिंबाच्या वासाचा आहे, नैसर्गिक आहे" असं एकाने मला पटवायचा प्रयत्न केला. येऊरच्या जंगलात लिंबाची बाग कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

डिओ तरी कळतो. कपड्यांचं कोणाच्या लक्षातच येत नाही. मुंबईच्या घरात जंगलाचे कपडे असतात कुठे? कपाटाच्या वरच्या कप्प्यात, डांबराच्या गोळ्यांबरोबर. धुतले सुगंधी पावडरीने, वर फुलांच्या वासाचं कंडिशनर. पावसाळ्यात वाळत घातले स्वयंपाकघराच्या दोरीवर, खाली हिंगाची फोडणी, शेजारच्या खिडकीतून तळलेले बोंबील. हिरवा शर्ट डोळ्याला हिरवा दिसतो. नाकाला तो अख्खी चाळ आहे.

माझी पद्धत, पटली तर घ्या: जंगलाचा एक जोड वेगळा, शक्यतो सुती. सिंथेटिक कापड लवकर वाळतं खरं, पण घामाचा वास धरून बसतं. रिठ्याच्या पाण्यात धुवायचा, गच्चीवर कडक उन्हात वाळवायचा आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवायचा. आमच्याकडे जुना पिठाचा डबा आहे, त्यावरून घरात एकदा वाद झालाय. तो जोड घालून लोकलमध्ये चढायचं नाही. विरार फास्टमध्ये चार जणांच्या काखेत उभं राहून आलात की त्यांचाही डिओ तुमचाच. पिशवीत न्या, पोचल्यावर बदला. बूटही वेगळे, पेट्रोल पंपावर घालून उतरायचं नाही. आंघोळ साध्या पाण्याने, लागलं तर बेसन, काखेत तुरटी फिरवायची. खोबरेल तेल त्या दिवशी राहू द्या. टोपी घाला, केस फार वास धरतात.

एवढं करून वारा चुकला तर सगळं पाण्यात. वारा बरोबर असेल तर आदल्या दिवशीच्या शर्टावरही सांबर पाणी पिऊन जातं. म्हणून हे प्रकरण दुसरं.

ते महागडे कोळशाचे कपडे? कोळसा वास शोषतो हे खरं, पण एकदा भरला की तो पुन्हा मोकळा करायला कारखान्यात कित्येकशे अंश तापमान देतात. घरच्या ड्रायरमध्ये तेवढी उष्णता कुठून यायची?

वडापाव

बोरिवली स्टेशनबाहेर सुकी लसणाची चटणी घातलेला वडापाव खाऊन लगेच दात घासणारे पाहिलेत. लसणाचा वास दातात नसतो, तो रक्तात जातो आणि तिथून फुप्फुसावाटे तासन्‌तास बाहेर पडत राहतो. आदल्या संध्याकाळपासून लसूण आणि कच्चा कांदा बंद. मी दहीभात खातो, बरोबर फुटाणे नेतो. तक्रारी येतात, दुर्लक्ष करतो.

हरणाचा वास अंगाला लावणे

परदेशात हरणाच्या मुताच्या बाटल्या मिळतात, ते शिंपडून बसायचं. अमेरिकेतच काही राज्यांनी खऱ्या मुतावर बंदी घातलीय, कारण हरणांना मारणारा एक मेंदूचा रोग त्यातून पसरायची भीती आहे. आपल्याकडे असलं काही मागवण्याचा विचारही करू नका. आणि मुंबईची जंगलं बिबट्याची आहेत हे तरी आठवा. रात्रीच्या वेळी बिबट्याच्या हद्दीत हरणाचा वास लावून बसणाऱ्याला काय सांगायचं?

शेण फासणाऱ्यांना फक्त एवढंच: आता तुमच्या अंगाला माणसाचा आणि शेणाचा असे दोन्ही वास येतात.

बाकीच्या, थोडक्यात

विडी, सिगरेट, गुटखा, तंबाखू-चुना: चारही बंद. "एकच झुरका" म्हणणारा रात्रभर घरी झोपलेला बरा.

पाणवठ्याजवळ लघवीला जाणे. नको. बसायच्या आधी, लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला उरकून या.

जनावरांच्या पायवाटेवरूनच चालत येणे आणि येताना फांद्या हाताने बाजूला करणे. तुम्ही निघून गेल्यावरही तिथे तुमचा वास राहतो. वाट ओलांडायची ती काटकोनात, हात खिशात.

ओले सुगंधी टिश्यू, सॅनिटायझर. पाण्याने हात धुवा की.

मचाण उंच आहे म्हणून वास डोक्यावरून जाईल असं समजणे. दुपारी जाईलही. संध्याकाळी थंड हवेबरोबर तो खाली उतरतो.

डासांचं मलम मात्र वासाच्या नादात टाळू नका. मलेरिया आणि डेंगी दोन्ही इथे आहेत, आणि एका फोटोसाठी आठवडाभर दवाखान्यात पडण्यात शहाणपण नाही. पूर्ण बाह्या, पायमोजे, डोक्यावर जाळी. उघडं राहील तेवढ्याच भागाला मलम, बसायच्या बरंच आधी लावलेलं.

आणि जनावराला वारा लागलाच, ढाँक झालाच, तर दिवसाच्या लपणात चिकटून बसू नका. मे महिन्यात आजूबाजूला तेवढंच पाणी असतं. बिचकलेली हरणं लांब उभी राहून तुम्ही जायची वाट बघत असतात, तहान मारून. मी सामान आवरतो, आलो त्याच वाटेने निघतो आणि त्या पाण्यावर त्या दिवशी परत फिरकत नाही.