अर्ज मंजूर, पण शिष्यवृत्तीचे पैसे कुठे? आयटीआय-पॉलिटेक्निकच्या मुलांनो, या चुका टाळा

"सर, अर्ज मंजूर दिसतोय, पण खात्यात काहीच नाही." पॉलिटेक्निकमध्ये शिकवताना हे वाक्य मला दरवर्षी ऐकावं लागतं आणि दरवेळी वाईट वाटतं. कारण मूल पात्र असतं, कागदही खरे असतात. घोडं अडतं ते बहुधा बँकेत.

आधार दिलं म्हणजे सीडिंग झालं असं नाही

बँकेत आधारची झेरॉक्स दिली की केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी होते. सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे येण्यासाठी खातं आधारशी जोडणं, ही वेगळी गोष्ट आहे. आधारवर आधारित डीबीटीत, म्हणजे सरकारी रक्कम थेट खात्यात जमा होण्याच्या पद्धतीत, पैसे खाते क्रमांक बघून येत नाहीत. एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार हाताळणाऱ्या संस्थेच्या नोंदीत तुमच्या आधार क्रमांकापुढे जी बँक असते, तिथे ते जातात. अशी बँक एका वेळी एकच असते, शेवटची जोडलेली. कधीतरी मोबाइलच्या दुकानात उघडलेलं पेमेंट बँकेचं खातं मुलं विसरून जातात आणि शिष्यवृत्ती नेमकी तिथे पडून राहते. म्हणून 'पैसे आले नाहीत' म्हणण्याआधी यूआयडीएआय या आधार देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती बघा. चुकीची बँक दिसली तर आपल्या शाखेत जाऊन डीबीटीसाठी आधार जोडण्याचा संमती अर्ज भरा आणि आठवड्याभराने पुन्हा तपासा.

अपुऱ्या कागदांवर उघडलेलं 'स्मॉल अकाउंट' असेल तर आणखी एक अडचण. सरकारी अनुदानाची रक्कम सोडली तर त्यात शिल्लक 50,000 रुपयांपर्यंतच राहू शकते आणि वर्षभरात जमाही 1 लाखापर्यंतच होते. पूर्ण केवायसी करून घ्या.

आलेले सगळे पैसे आपले नसतात

या चुकीचा मुलांना सगळ्यात जास्त त्रास होतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या) शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के. रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात येते आणि तिच्यात कॉलेजची फीसुद्धा असते. ती 7 दिवसांत कॉलेजात भरायची असते. घरी दवाखाना निघतो, खताची उधारी असते, पैसे त्यात जातात. आईवडिलांनी हात घातला यात मला त्यांचा दोष दिसत नाही, कारण त्यातले किती कॉलेजचे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. पुढे थकीत फीसाठी परीक्षेच्या वेळी मुलालाच खेटे घालावे लागतात. मेसेज येईल त्याच दिवशी कॉलेजच्या लेखा विभागात जा, आपला निर्वाह भत्ता किती आणि फी किती हे लिहून घ्या आणि घरी दाखवा.

अर्ज भरला आणि विसरलो

महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर 'सबमिट' केल्यावर अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, मग विभागाच्या. वाटेत कुठे कागद अस्पष्ट निघाला तर तो तुमच्याकडे परत येतो. कॅफेवाल्याने स्वतःचा मोबाइल नंबर टाकलेला असेल तर हे तुम्हाला कळणारच नाही. नंबर स्वतःचा द्या, पासवर्ड वहीत लिहा, दर पंधरा दिवसांनी लॉगिन करा. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्जही स्वतःच करायचा असतो. उत्पन्नाचा दाखला मुदतीतला आहे ना, हे प्रवेशाच्या वेळीच बघा. जूनमध्ये सेतूत गर्दी उसळते.

डिप्लोमाला प्रवेश घेताना आणखी एक. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत चालतं, पण प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतूनच लागतो. व्यवस्थापन कोट्यातली जागा घेतली की हा लाभ गेला. जवळच्या कॉलेजसाठी कॅपची जागा सोडणाऱ्यांनी आधी तीन वर्षांच्या फीचा हिशेब मांडावा.

एकाच संकेतस्थळावर सगळं नसतं

डिप्लोमाच्या मुलींसाठी एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला 50,000 रुपयांची आहे. तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करावा लागतो, आणि संस्थेत शिष्यवृत्तीचं काम बघणाऱ्या नोडल अधिकाऱ्याने मुदतीत पडताळणी केली नाही तर तो बाद होतो. अर्ज भरल्यावर त्यांना प्रत्यक्ष भेटा.

वडील किंवा आई बांधकामावर असतील तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडची त्यांची नोंदणी चालू आहे का, आजच विचारा; नोंदणी असलेल्या कामगारांच्या मुलांना मंडळाकडूनही शिष्यवृत्ती मिळते. मागच्या 12 महिन्यांत 90 दिवस काम केल्याचा दाखला त्यासाठी लागतो. ठेकेदार एका साइटवरून दुसरीकडे गेला की तो हाती लागत नाही, म्हणून काम चालू असतानाच घेऊन ठेवायला सांगा.