जुन्या खेळाडूची कारकीर्द लिहायचीय? आधी फर्गस सुटरची वही भरा

आमच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी पोरं जुन्या कबड्डीपटूंवर लिहायला बसली की पहिलं वाक्य ठरलेलं: ‘सांगली जिल्ह्याचं नाव उज्ज्वल केलं, अनेक बक्षिसं पटकावली.’ यात ना माणूस दिसतो, ना त्याचा खेळ. म्हणून मी कुणालाही आधी आपल्या गावचा खेळाडू देत नाही, फर्गस सुटर देतो. ग्लासगोचा हा फुटबॉलपटू पैसे घेऊन खेळणाऱ्या अगदी पहिल्या फळीतला. तो ना आपल्या भावकीतला, ना पेठेतला, त्यामुळं कौतुकाचे शब्द आयते सुचत नाहीत. माहितीच शोधावी लागते.

शंभरपानी वही आडवी धरा आणि चार रकाने आखा. साल, संघ, पोटापाण्याचा धंदा, आणि ‘हे कुणी सांगितलं’. गोलांचा रकाना नको. सुटर बचावफळीत खेळायचा, गोलांवरून त्याची किंमत कळणार नाही. आपल्याकडं नुसत्या पकडी करणाऱ्या गड्याचंही तेच होतं, टाळ्या चढाईवाल्याला.

आता भरायला घ्या. जन्म १८५७, ग्लासगो. धंदा दगड घडवण्याचा. संघ पार्टिक. इथं बरेचजण ‘पार्टिक थिसल’ लिहून मोकळे होतात, पण तो वेगळा क्लब. हनुमान नावाचं मंडळ आपल्याकडंही गावोगाव सापडतं, तेव्हा मंडळापुढं गाव आणि पेठ लिहिल्याशिवाय पुढं जाऊ नका.

पुढची नोंद १८७८ ची. सुटर इंग्लंडमधल्या लँकशायरात डार्वेन या कापूस गिरण्यांच्या गावात गेला आणि तिथल्या संघातून खेळू लागला. का गेला? ‘फुटबॉलच्या ओढीनं’ हे उत्तर घाईचं आहे. त्याच साली ऑक्टोबरात सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली आणि शहरातली बांधकामं थंडावली. दगड घडवणाऱ्याच्या हाताला काम कुठनं राहणार? या दोन गोष्टी एका ओळीत आल्या की त्याचं गाव सोडणं समजायला लागतं. डार्वेनला त्यानं थोड्याच दिवसांत छिन्नी-हातोडा सोडला. इंग्लंडचा दगड फार कठीण, हे त्यानं दिलेलं कारण.

म्हणजे आता धंद्याचा रकाना रिकामा आणि माणूस मात्र जगतोय. ही रिकामी जागा कल्पनेनं भरू नका, तिथं प्रश्नचिन्ह काढा. इंग्लंडमध्ये पैसे घेऊन खेळायला उघड मान्यता मिळाली जुलै १८८५ मध्ये, स्कॉटलंडमध्ये तर १८९३ मध्ये. त्याआधीचा पैसा कुठल्या जमाखर्चात नीट दिसणार नाही. खेळ सोडल्यावर सुटरनं स्वतःच सांगून टाकलं की ठरलेला पगार नव्हता, गरज पडेल तसं खजिनदाराला भेटायचं. कधी तीन आठवडे काहीच नाही, मग एकदम दहा पौंड मागायचे. हे वाचलं की प्रश्नचिन्ह खोडून चौथ्या रकान्यात लिहायचं: ‘खेळाडू स्वतः’.

आपल्या म्हाताऱ्या खेळाडूंकडं जाताना हाच धागा धरून जा. ‘तुमचा गाजलेला सामना कोणता?’ हे शेवटी विचारा. आधी विचारा, अण्णा, तेव्हा कामाला कुठं होता? स्पर्धेला रजा कोण द्यायचं? खुराकाचे पैसे कुठनं यायचे? साखर कारखान्यात काम केलेल्या एका चढाईपटूला मी हे विचारलं, तर त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेतनं हजेरीचं जुनं कार्ड काढलं. कडा कुरतडलेल्या, शाई फिकी. गळीत हंगामातली रात्रपाळी आणि तिच्या शेजारी ‘खेळासाठी रजा’ असा शेरा. त्या तारखांवरून स्पर्धांची सालं लागली, जी त्यांना स्वतःलाही आठवत नव्हती.

सामने लिहिताना नुसता गुणफलक उतरवू नका. १८७९ मध्ये एफए कपात, म्हणजे इंग्लंडमधल्या क्लबांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत, डार्वेनची गाठ ओल्ड इटोनियन्सशी पडली, म्हणजे ईटन या बड्यांच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांशी. शेवटच्या पंधरा मिनिटांत १-५ अशी पिछाडी असताना डार्वेननं चार गोल चढवले, ५-५. पुढचा सामना २-२. तिसरा ६-२ नं गेला. तिन्ही सामने लंडनला! गिरणीतल्या पोरांनी काम बुडवून एवढा प्रवास पुन्हा पुन्हा केला आणि खर्चासाठी गावानं वर्गणी काढली. मला विचाराल तर त्या ६-२ चा अर्धा हिशेब रेल्वेच्या डब्यात आहे. तुमच्या खेळाडूचा हरलेला सामना लिहिताना तो एसटीनं किती वाजता पोचला होता, हे जरूर विचारा.

१८८० मध्ये सुटर ब्लॅकबर्न रोव्हर्स या क्लबकडं गेला. तिथं जास्त पैसे मिळाले म्हणून गेला, असा आरोप तेव्हाच झाला. तो ‘आरोप’ म्हणूनच लिहा. १८८२ ची अंतिम लढत रोव्हर्स ०-१ नं हरले, पण १८८४, १८८५ आणि १८८६ असा सलग तीनदा कप जिंकला. मधलं १८८३ साल जपून. तो कप ब्लॅकबर्न ऑलिंपिक या त्याच गावच्या दुसऱ्या क्लबचा, रोव्हर्सचा नव्हे. सुटरवर पडद्यावर आलेली गोष्ट पाहून पोरं इथं हमखास घसरतात. ‘पडद्यावर पाहिलं’ हा चौथ्या रकान्यात साक्षीदार धरायचा नाही. १८८८ मध्ये फुटबॉल लीग ही साखळी स्पर्धा सुरू झाली, तीत त्याच्या वाट्याला एकच सामना आला. १९१६ मध्ये तो वारला.

ही वही भरून झाली की मगच आपल्या माणसाची वही उघडा. घरातले जुने ग्रुप फोटो पुढून आणि मागून, दोन्ही बाजूंनी मोबाइलवर टिपा; पुठ्ठ्यामागं पेन्सिलीनं लिहिलेली नावं तिथंच सापडतात. हे काम पावसाळ्याआधी उरका. २०१९ च्या महापुरात आपल्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजली, नदीकाठच्या घरातल्या ट्रंका तर कुणी मोजल्याच नाहीत. मूळ कागद घरच्यांनाच परत द्या, माळ्यावर ठेवायला सांगा. आणि लेख छापायला देण्याआधी त्या घरी जाऊन मोठ्यानं वाचून दाखवा. चुकलेलं साल बऱ्याचदा घरातली काकूच सुधारते, कारण त्या वर्षी घरात कुणाचं लग्न होतं हे तिला पक्कं ठाऊक असतं.