सिलिकोसिसची भरपाई मागताना या चुका टाळा

सिंधुदुर्गातल्या कासार्डे भागातल्या सिलिका वाळूच्या खाणीत किंवा खडीच्या क्रशरवर वर्षं काढलेल्या माणसाला घाटी चढताना धाप लागू लागली, की घरात पहिलं नाव निघतं टीबीचं. सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात साचून होणारा आजार, झालेल्याला टीबीचा धोका खरोखरच जास्त असतो, तेव्हा ती तपासणी हवीच. पण डॉक्टरांना कामाबद्दल सांगितलंच नाही, तर पुढचं सगळं अडतं. माझ्या काकांनी सहा महिने टीबीच्या गोळ्या घेतल्या, थुंकीत जंतू एकदाही सापडले नव्हते. केसपेपरवर व्यवसाय लिहिला होता ‘शेती’. सतरा वर्षांच्या धुळीचा एका अक्षराने उल्लेख नाही! कुठे, कोणतं काम, किती वर्षं, हे स्वतःहून सांगा आणि लिहून घ्या.

जुने एक्स-रे जपा. काकांचे माळ्यावर होते. दोन पावसाळ्यांत फिल्मा एकमेकींना अशा चिकटल्या की सोडवताना थरच निघून आला. मध्ये कोरडा कागद घालून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवा, मोबाइलवर फोटोही काढा.

दिव्यांग दाखला नाकारला म्हणून खचू नका. 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत फुप्फुसाचा आजार नाहीच. भरपाईची वाट वेगळी आहे. 1923 चा कर्मचारी भरपाई कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता 2020 मध्ये आला आहे आणि त्यातल्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत सिलिकोसिस आहे. ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा) विमा असेल तर मात्र दावा ईएसआयकडेच करायचा.

मुदत 2 वर्षांची. आजारामुळे सलग कामाला जाता आलं नाही, त्यातल्या पहिल्या दिवसापासून ती मोजतात. ती तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवा. उशीर झालाच, तर सबळ कारण देऊन तो माफ करून घेता येतो.

सगळ्यात महागात पडतं ते मुकादमाच्या सांगण्यावरून मजुरी कमी लिहिणं. काम कायमचं आणि पूर्ण सुटलं असेल, तर महिन्याच्या पगाराचे 60 टक्के गुणिले वयाचा गुणांक (कायद्यातल्या तक्त्यात वयानुसार दिलेला आकडा), असा हिशोब होतो. वय 50 असेल तर गुणांक 153.09. पगार 12,000 धरला तर 11,02,248 रुपये, आणि 8,000 लिहिला तर 7,34,832. साडेतीन लाखांहून जास्त गेले.

दाव्यात फक्त शेवटच्या मालकाचं नाव घालू नका. ज्यांच्या धुळीत काम केलं, ते सगळे लिहा. हजेरीपुस्तक मिळत नसेल तर सोबत राबलेल्यांचे जबाब उपयोगी पडतात. त्यांतले बरेच आता मुंबईला असतात, तेव्हा गणपतीला गावी आले की त्याच आठवड्यात त्यांना गाठा.