खाटकाकडे पहिलं हरीण नेण्याआधी

जर्मनीच्या बायर्न (बव्हेरिया) राज्यात १ मेला रेबॉकची शिकार सुरू होते. रेबॉक म्हणजे रे जातीच्या छोट्या हरणाचा नर. आपल्या इथल्या मराठी मंडळींपैकी दोघांनी यंदा परीक्षा पास होऊन याग्डशाइन, म्हणजे शिकारीचा परवाना, काढलाय आणि दोघांनीही मला एकच प्रश्न विचारला: घरच्या फ्रीजरमध्ये मावणार नाही एवढं मटण झालं तर गावातल्या खाटकाला विकता येतं का? येतं. त्यासाठी काय काय तयार हवं, ते माझ्या सात हंगामांच्या अनुभवावरून लिहितेय. हे सगळं जर्मनीपुरतं. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीलाच बंदी आहे, तेव्हा यातलं काही तिकडे लावू नका.

पहिलं काम, प्राणी कुणाचा होणार हे विचारून ठेवा. गोळी तुमची असली तरी जनावरावर हक्क त्या शिकारक्षेत्राच्या पट्टेदाराचा, म्हणजे ज्याने तिथला शिकारीचा हक्क भाड्याने घेतलाय त्याचा असतो. तुम्ही पाहुणे म्हणून गेला असाल तर जनावर त्याच्याकडून रीतसर घ्यावं लागतं, मगच ते विकता येतं. हे बोलणं आधीच झालेलं बरं. रात्री अंधारात, हात रक्ताने माखलेले असताना हिशेब काढायची वेळ येऊ नये.

अशी विक्री कायदा 'थोड्या' मांसापुरतीच करू देतो. मग 'थोडं' म्हणजे किती? बहुतेकांना वाटतं किलोंचा काही आकडा असेल. जर्मन नियमात किलो नाहीत, एका दिवसाच्या शिकारीत जे मिळालं ते 'थोडं' धरतात. ते थेट खाणाऱ्याला द्यायचं किंवा जवळपासच्या किरकोळ दुकानाला, म्हणजे खाटीक किंवा हॉटेलला. जवळपास म्हणजे तुमच्या घरापासून किंवा जिथे जनावर पडलं तिथून १०० किलोमीटरच्या आत. ठोक व्यापाऱ्याला द्यायचं तर नियम वेगळे आणि जास्त कडक. सॉसेज किंवा हॅम करून विकायचं असेल तर तो प्रक्रियेचा धंदा होतो आणि 'थोड्या' मांसाच्या या सवलतीत बसत नाही. जनावर कातडीसकट देणार की सोलून, यावरही बरंच अवलंबून आहे. सोलायचं म्हटलं की धुता येणाऱ्या भिंती-जमिनीची, गरम-गार पाण्याची स्वच्छ खोली लागते. म्हणून खोलीवर एक युरोही खर्च करण्याआधी जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय कार्यालयात जाऊन नोंदणी लागेल का, काय काय दाखवावं लागेल, ते विचारून या. मी पहिली दोन वर्षं कातडीसकटच दिलं. तुम्हालाही तेच सुचवेन.

खाटकाला हंगाम सुरू होण्याआधी भेटा, दुकानात गर्दी नसताना. त्याच्या शीतगृहात जागा कोणत्या दिवशी असते, कातडीसकट चालेल का, रात्री उशिरा फोन केलेला चालतो का, एवढं ठरवलं तरी पुष्कळ.

गाडीत कायम ठेवायच्या वस्तू: दोन धारदार सुऱ्या (एक आतड्याला लागली तर दुसरी हाताशी हवी), हातमोजे, डोक्याला बांधायचा दिवा, प्यायच्या पाण्याचा दहा लिटरचा कॅन, धुतलेला प्लॅस्टिकचा टब, लटकवायला आकडे, अवयवांसाठी पिशव्या आणि सुई टोचून तापमान बघायचा थर्मामीटर. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी जनावराच्या उघड्या पोटात ओतायचं नाही, मांसाला फक्त पिण्याचं पाणी लागलं पाहिजे.

आता मुख्य गोष्ट. कत्तलखान्यात प्रत्येक जनावर सरकारी पशुवैद्य आधी जिवंत बघतो आणि मग कापल्यावर बघतो. तुमचं हरीण तो बघणार नाही. कायद्याने तेवढा भरवसा तुमच्या प्रशिक्षणावर टाकलेला आहे, आणि दुकानातून ते मटण विकत घेणाऱ्या आजीबाईंना याची कल्पनाही नसते. म्हणून तपासणी गोळी झाडण्याआधीच सुरू करा. दुर्बिणीतून चाल बघा. जनावर लंगडतंय का, कळप सोडून एकटंच उभं आहे का, माणसाला घाबरत नाही का, हाडं दिसतायत का. पोट शक्य तितक्या लवकर उघडा. मी अर्ध्या तासाची मर्यादा पाळते, कारण मे महिन्याच्या संध्याकाळी पोट फुगायला आणि माश्या बसायला वेळ लागत नाही. काळीज, फुप्फुसं, कलेजी, प्लीहा, बुक्के एकेक करून दिव्याखाली धरा. सूज, गाठी, पू, विचित्र वास, पोटाच्या किंवा छातीच्या अस्तराचा बदललेला रंग, सुजलेले सांधे, यांतलं काहीही दिसलं तर जनावर परस्पर विकता येत नाही, सरकारी तपासणी करून घ्यावीच लागते.

माझ्या दुसऱ्या हंगामात एका हरणाचं फुप्फुस बरगड्यांना असं चिकटलेलं होतं की ते बोटांनी सुटेना. बाहेरून जनावर अगदी धडधाकट होतं. खाटकाला शब्द दिलेला होता आणि मनात येत होतं की मांस तर लाल, ताजं आहे. मी पशुवैद्यांना फोन केला. ते जनावर बाद झालं. त्या रात्री वाईट वाटलं, पण आजही तसंच करेन. गोळी पोटातून गेली असेल तर घाण लागलेला भाग धुवत बसू नका, सढळ हाताने कापून टाका. जखमेच्या भोवतीचंही तसंच, शिशाची गोळी असेल तर तिचे बारीक कण डोळ्यांना दिसतात त्याहून लांब पसरलेले असतात. खाणाऱ्यांत लहान मुलं आणि गरोदर बायका असतात, म्हणून मी तांब्याच्याच गोळ्या वापरते.

थंडावा: हरीण, रानडुक्कर यांचं मांस आतपर्यंत ७ अंशांच्या वर राहता कामा नये, ससे आणि पक्षी यांच्यासाठी ही मर्यादा ४ अंश आहे. जनावरं एकावर एक रचू नका, मधून हवा खेळू द्या.

रानडुकराची तयारी वेगळी. त्याच्या स्नायूंत ट्रायकिनेला नावाच्या कृमीच्या अळ्या असू शकतात, आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याचा जाड भाग आणि पुढच्या पायाचा स्नायू, असे नमुने प्रयोगशाळेत जातात. जनावराला क्रमांकाचा बिल्ला लागतो, तोच क्रमांक मूळदाखल्यावर, म्हणजे जनावर कुठलं ते सांगणाऱ्या कागदावर असतो. नमुना स्वतः घ्यायचा तर पशुवैद्यकीय कार्यालयाने तुम्हाला ते काम रीतसर सोपवलेलं हवं. अहवाल निर्दोष येईपर्यंत डुक्कर कुणालाही देता येत नाही, शेजाऱ्यालासुद्धा नाही. डीप फ्रीजरवर विसंबू नका, रानटी जनावरांत सापडणाऱ्या या कृमीच्या काही जाती थंडीला दाद देत नाहीत.

बायर्नमध्ये आणखी एक चाचणी. १९८६च्या चेर्नोबिल अपघातानंतर इथल्या जंगलांवर किरणोत्सारी सीझियम पडलं. रानडुकरं जमीन उकरून हर्षट्र्युफल नावाची भूमिगत बुरशी खातात, तिच्यात ते साठतं. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं की जुन्या अणुचाचण्यांचाही त्यात मोठा वाटा आहे. विक्रीची मर्यादा किलोला ६०० बेकरेल (किरणोत्सार मोजायचं एकक). शिकाऱ्यांच्या संघटनेची मापनकेंद्रं आहेत, जवळचं कुठलं ते आत्ताच शोधून ठेवा. मर्यादेवर आकडा गेला तर मांस नष्ट करायचं, त्याची भरपाई मागता येते.

कागद मी एका साध्या वहीत ठेवते: तारीख, जागा, वेळ, जनावर, वजन, अवयव कसे होते, बिल्ल्याचा क्रमांक, कुणाला दिलं. उद्या काही निघालं तर खाटकाला मागे तुमच्यापर्यंत आणि तुम्हाला पुढे खाटकापर्यंत पोचता आलं पाहिजे.

देताना थर्मामीटर खाटकासमोरच टोचा, आकडा त्याला वाचू द्या, वहीत लिहा आणि डुक्कर असेल तर अहवालाची प्रत त्याच्या हातात द्या. मग टब घरी आणून गरम पाण्याने घासून उलटा वाळत घाला, उद्याही संध्याकाळी लागू शकतो.