स्पोर्ट्स कारचं ॲक्टिव्ह इंजिन माउंट गेलं तर काय करावं?

इंजिन माउंट म्हणजे इंजिनाला गाडीच्या सांगाड्यावर पेलणारा आणि त्याची कंपनं शोषणारा आधार. डॅशबोर्डवर इशारा आला आणि स्कॅनरने या माउंटच्या बिघाडाचा कोड दाखवला, की बरेच मालक लगेच मुंबईला फोन लावून नवं माउंट मागवतात. कोकण किनाऱ्यावर गाडी ठेवणाऱ्यांनी ही घाई करू नये. खाऱ्या, दमट हवेत माउंट शाबूत असतानाही त्याचा कनेक्टर गंजू शकतो. तो साफ करण्याचा खर्च नव्या माउंटपुढे नगण्य आहे.

आधी आपल्या गाडीत कोणत्या प्रकारचं माउंट आहे ते कळायला हवं. गॅरेजवाले ज्याला फाउंडेशन म्हणतात ते साधं माउंट म्हणजे रबर आणि लोखंड. ॲक्टिव्ह माउंट मात्र परिस्थितीनुसार मऊ किंवा कडक होतं. पोर्शेने २००९च्या ९११ जीटी३मध्ये दिलेल्या माउंटमध्ये लोखंडाचे अतिसूक्ष्म कण मिसळलेला द्रव असतो. आतल्या कॉइलला करंट मिळाला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं, कण एका रांगेत येतात, द्रव घट्ट होतो आणि माउंट कडक होतं. ऑडीच्या ४.० टीएफएसआय व्ही८ इंजिनात आठपैकी चार सिलिंडर बंद होतात तेव्हा जी थरथर येते, ती माउंट स्वतः उलटं कंपन देऊन मारतं. काही गाड्यांत हेच काम व्हॅक्यूमच्या पाइपवर चालतं. चॅसीस नंबर दिला की पार्ट्स विभाग नेमका प्रकार सांगतो.

मग लक्षणं बघा. चुंबकीय द्रवाच्या माउंटचा करंट गेला तर ते मऊच राहतं. उभ्या गाडीत काही जाणवत नाही, पण घाटाच्या वळणावर इंजिनाचं वजन उशिरा झुकल्यासारखं वाटतं. द्रवच गळून गेला असेल तर आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, सीट आणि स्टिअरिंग थरथरतं, आणि ‘डी’मधून ‘आर’ टाकताना खालून ठक् असा आवाज येतो. व्हॅक्यूमच्या बऱ्याच गाड्यांत उलटं होतं. पाइप फाटला की माउंट आयडलिंगलाही कडक राहतं आणि उभी गाडी हादरते. मिसफायरचा, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटल्याचा, कोडही दिसत असेल, तर आधी प्लग आणि इग्निशन कॉइल तपासून घ्या. तशी थरथर माउंटच्या माथी मारली जाते.

आता गाडीखाली. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. पावसाळ्यात अंगणातल्या भिजलेल्या मातीवर जॅक लावू नका, तो रुततो. सिमेंटची जागा शोधा, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका, स्टँड लावाच. टॉर्चच्या उजेडात रबराला भेगा आहेत का, एका बाजूचं इंजिन खाली बसलंय का, ते बघा. माउंटच्या कडेला काळपट ओल असेल आणि त्यावर लाल धूळ चिकटली असेल, तर लगेच निष्कर्ष काढू नका. वरून इंजिन ऑइलही तिथवर ओघळतं. जागा पुसून कोरडी करा, गाडी थोडी फिरवा आणि पुन्हा बघा. ओल माउंटच्याच सांध्यातून येत असेल तर ते बदलायचं, दुसरा इलाज नाही.

ओल नसेल तर कनेक्टर उघडा. इथे घाई अजिबात नको. इग्निशन बंद करा, गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, कनेक्टरचा मोबाइलवर फोटो घ्या आणि लॉक दाबून तो सोडा. वायर धरून ओढू नका. आत पिनांवर हिरवट-पांढरी पूड दिसली, किंवा कडेचं रबरी सील चपटं झालेलं असेल, तर बिघाड बहुधा इथेच आहे. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मऊ ब्रशने साफ करा, पूर्ण वाळू द्या आणि सीलला डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात फिरवा. पॉलिश पेपर वापरू नका, पिनेवरचा मुलामा निघतो आणि गंज आणखी लवकर धरतो. पिना काळ्या पडून झिजल्या असतील तर कनेक्टर वायरच्या तुकड्यासकट बदलून घ्या. वायरीवर दातांच्या खुणाही शोधा. शेतात पाणी भरलं की उंदीर गरम इंजिनाच्या आसऱ्याला येतात, आणि ही वायर त्यांच्या तोंडाशीच असते.

मग मल्टीमीटर घ्या. इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या माउंटच्या कॉइलचा रेझिस्टन्स मोजा, एकमेकांशी आणि त्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. एक तुटलेली दाखवत असेल तर त्या माउंटची कॉइल गेली. दोन्ही ठीक असतील तर फ्यूज, वायरिंग आणि कंट्रोल युनिटकडे वळा. चाचणी म्हणून माउंटला बॅटरीचा थेट करंट देऊ नका, चांगली कॉइल जळू शकते. सगळं जोडून कोड पुसा आणि गाडी चालवा. कोड परतला नाही, तर नव्या माउंटची गरजच नाही.

बिघाड फक्त विजेचा असेल आणि मॅन्युअल गाडी थांबवायला सांगत नसेल, तर बेताच्या वेगाने घरापर्यंत जायला हरकत नाही. ठक् आवाज येत असेल किंवा इंजिन बसलेलं असेल तर मात्र आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचा विचार सोडा. हलणारं इंजिन एक्झॉस्ट, कूलंटचे पाइप आणि ड्राइव्हशाफ्ट यांना ताण देतं, आणि मग बिल माउंटपुरतं राहत नाही. फ्लॅटबेडच, म्हणजे गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रकच, मागवा. गाडी बसकी असल्याचं ड्रायव्हरला आधीच सांगा, म्हणजे तो रॅम्पखाली द्यायला फळ्या आणेल. पट्टे चाकांना बांधायला लावा. दाभोळ-धोपावे किंवा आगरदांडा-दिघीच्या फेरीबोटीचा शॉर्टकट अशा गाडीने घेऊ नका. बोटीवर चढता-उतरताना बसणारा हिसका तिला नको.

बदलायची वेळ आलीच तर दोन्ही बाजूंची माउंट एकदम बदला. जुन्या-नव्याची जोडी नीट काम करत नाही. किनाऱ्यावरच्या गाडीत ॲल्युमिनिअमच्या ब्रॅकेटमध्ये पोलादी बोल्ट धरून बसतो, म्हणून आदल्या रात्रीच गंजलेला बोल्ट सोडवणारं पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवायला सांगा. जॅक थेट ऑइल सम्पला, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीला, लावू देऊ नका. मधे जाड लाकूड हवं आणि इंजिन फक्त भार सुटेल इतकंच उचलायचं. सेल्फ-लॉकिंग नट नवेच घ्या. बोल्ट आधी हाताने फिरवायचे, इंजिन आपल्या वजनाने बसलं की मग टॉर्क पान्याने मॅन्युअलच्या आकड्याला आवळायचे. शेवटी स्कॅनरवर कोड पुसून, कंपनीची कॅलिब्रेशनची पायरी असेल तर ती करून घ्या.

स्वस्तात साधं माउंट बसवून कोडिंगने इशारा बंद करून देणारेही भेटतील. गाडी फक्त ट्रॅकवर धावणार असेल तर ते चालेल. पण मुंबई-गोवा महामार्गावर चालवायच्या गाडीला मी तसं करणार नाही. सावकाश जाताना मऊ आणि वळणात कडक, यासाठीच तर ते माउंट तिथे आहे.

काम झाल्यावर नट आणि ब्रॅकेट यांच्यावरून रंगाची एक आडवी रेघ ओढून घ्या. नट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. समुद्रालगत गाडी फिरवली की खालून गोड्या पाण्याने धुवा, पण प्रेशरचा फवारा कनेक्टरवर मारू देऊ नका. आणि मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आधी, दोन्ही कनेक्टर उघडून सील तपासा.